शेत गोडाऊनला द्यायच्या आधी पुरातत्त्वाचा सर्व्हे करून घेतला, त्याचा अनुभव

आम्ही राहतो ठाण्यात, कळव्याला. गावची जमीन भिवंडीच्या पुढे लोनाडच्या बाजूला, पावणेदोन एकर भातशेती. यंदा बाबा आणि काकांनी ती गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं. मीच हट्ट धरला की आधी कुणा जाणकाराला दाखवू, कारण लहानपणी नांगराला खापऱ्या लागायच्या ते मला आठवत होतं, आणि लोनाडला लेणी आहेत, शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे, चौधरपाड्याला शिलालेख मिळालाय, मग आपल्याच शेतात काही नसेल असं कसं धरून चालायचं?

एक मॅडम आणि त्यांचे दोन विद्यार्थी आले, नाव इथे टाकत नाही. दोन दिवसांचे बावीस हजार घेतले. काका म्हणाले दगड बघायला एवढे पैसे? पण काम बघितल्यावर गप्प झाले.

पहिल्या दिवशी सगळे पाच-पाच मीटरवर रांगेत उभे राहून खाचर न् खाचर चालले, मी आणि चुलतभाऊपण रांगेत. जे दिसेल तिथे छोटा झेंडा रोवायचा, उचलायचं नाही, आधी फोटो आणि जीपीएस. दुपारपर्यंत वरच्या बांधाकडे झेंडेच झेंडे आणि खालच्या खाचरात मोजून चार. मॅडम म्हणाल्या आकडा किती याच्यापेक्षा दाटी कुठे झालीय ते महत्त्वाचं. मग बादलीत पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने एकेक खापर धुतलं. बहुतेक साधी लाल मडक्याची, पण एक नखाएवढा तुकडा धुतल्यावर निळा-हिरवा चमकला. हे काचेसारखं लुकण इराण-इराककडच्या भांड्यांवर असायचं म्हणे, सोपाऱ्याला, चौलला अशी भांडी मिळालीत, आणि कल्याण तर जुनं बंदरच. बाबा तो तुकडा तळहातावर घेऊन किती वेळ बसून होते.

आता खड्ड्यांचं. मला वाटलं होतं हेच लोक खणून बघतील. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन्स लागतं, ते नसताना एक घमेलंसुद्धा काढणार नाही. मला हे फार आवडलं, पैसे घेऊन हो म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मार्ग काढला तो असा, की डेव्हलपरचे माती तपासायचे चार खड्डे जेसीबी मारणारच होता, तेव्हा मॅडम बाजूला उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खड्ड्याची भिंत थापीने खरवडून थर वाचले. तीन कोरे. वरच्या बांधाजवळच्या चौथ्यात गुडघाभर खोलीवर कोळशाची काळी रेघ, तिच्यात खापऱ्या आणि लोखंडाचं कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ. जेसीबी तिथेच थांबवला, पट्टी लावून फोटो काढले, खड्डा बुजवला. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र कसं लिहायचं तेही सांगितलं, आणि नाणी-दागिने असं काही मिळालं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, घरात ठेवायचं नाही.

आपल्याकडे साध्या शेतजमिनीवर बांधकामाआधी असा सर्व्हे सक्तीचा नाही हे मला तेव्हाच कळलं. संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटर बंदी, पुढच्या २०० मीटरला परवानगी, बाकी मोकळं रान. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाची परवानगी द्यायच्या आधीच शेतात लांब चर मारून बघायला लावतात, बिनदाताच्या बकेटने वरची माती हळूहळू सोलतात. आणि आपल्या ठाण्यात १७८७ साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट निघालेला! खणणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला नाही म्हणून आज आपल्याला माहितीय.

एक स्टार कापतेय तो रिपोर्टसाठी. पंधरा दिवस सांगून दोन महिन्यांनी आला, मधे फोन उचलत नव्हते, आणि आला तो पूर्ण इंग्लिशमध्ये. जमीन बाबांची, त्यांना एक ओळ कळेना. मी दोन रात्री बसून मराठीत लिहून दिला. आमच्या भागात काम करायचं तर निदान दोन पानं मराठीत द्यायलाच पाहिजेत. नकाशा मात्र एक नंबर, डेव्हलपरने तो बघूनच वरच्या कोपऱ्यात पाया न घेता ट्रक पार्किंग दाखवलंय, भराव टाकून, खाली न खणता. तसं लिहून घेतलंय.

कुणाला करायचं असेल तर भात कापून झाल्यावर, वाल पेरायच्या आधी बोलवा. पावसाळ्यात गवतात काही दिसत नाही.