एकगठ्ठा वर्ग काढायला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस कसा आहे?

एखाददुसरा वर्ग काढायला साधा कॅल्क्युलेटरही पुरतो. वीस-पंचवीस संख्यांचे वर्ग सलग लागतात तेव्हा मात्र यंत्राचा कस लागतो. या कॅल्क्युलेटरमध्ये त्यासाठी चांगली सोय आहे, पण ती मोड ७ म्हणजे टेबलमध्ये (सूत्रात ओळीने संख्या घालून उत्तरांचा तक्ता देणारा मोड) दडलेली असल्याने बरेच जण तिकडे फिरकतही नाहीत.

मोड ७ दाबल्यावर फंक्शन विचारले जाते. तिथे अल्फा, मग उजवा कंस (एक्स अक्षर याच बटणावर लाल रंगात आहे), त्यानंतर वर्गाचे बटण आणि =. दुसरे फंक्शन विचारले तर काही न भरता नुसते = दाबा. पुढे स्टार्ट, एंड, स्टेप. ११, ४०, १ भरले की ११ ते ४० चे वर्ग एका दमात तयार. पडद्यावर एका वेळी तीनच ओळी दिसतात, खाली-वर सरकवत बसावे लागते. रकाना अरुंद असल्याने मोठी संख्या त्यात नीट मावत नाही. त्या घरावर कर्सर नेला की तळाशी ती पूर्ण दिसते. उतरवून घेताना तळाचीच घ्यावी.

मर्यादा ३० ओळींची. १ ते ३१ मागितले की 'इन्सफिशंट मेम' असा एरर येतो. यंत्र बिघडलेले नसते, ओळ एक जास्त झालेली असते. १ ते १०० हवे असतील तर चार हप्ते पाडा: ३०, ३०, ३० आणि उरलेले १०. एसी दाबल्यावर फंक्शन तसेच राहते, फक्त स्टार्ट आणि एंड बदलायचे. एक्समध्ये आधी काही साठवले असेल तर ते मात्र टेबल करताना बदलते, तेव्हा ती किंमत दुसऱ्या अक्षरात ठेवा.

खरी अडचण विस्कळीत संख्यांची. १७, ४३, ५८, ९१ यांत समान अंतर नाही, त्यामुळे टेबल कुचकामी. अशा वेळी मोड १ मध्ये एक्सचा वर्ग लिहून कॅल्क दाबा, १७ =, उत्तर २८९. पुन्हा = दाबले की पुढची संख्या विचारली जाते. टेबलइतके झटपट नाही, पण सूत्र परत लिहावे लागत नाही. आणि वर्ग वेगवेगळे नकोत, फक्त त्यांची बेरीज हवी असेल, तर मोड ३ म्हणजे संख्याशास्त्राच्या मोडमध्ये एक चल (१-व्हार) निवडून संख्या भरा, एसी, मग शिफ्ट १ मधून 'सम' आणि तिथला वर्गांच्या बेरजेचा पर्याय. वरच्या चार संख्यांसाठी १३७८३ येते.

चुका होतात त्या वजा चिन्हात. −७² असे थेट लिहिले तर उत्तर −४९, कारण वर्ग आधी होतो आणि वजा नंतर लागतो. (−७)² लिहिले की ४९. टेबल आणि कॅल्कमध्ये −७ ही एक्सची किंमत म्हणून जाते, तिथे कंसाची गरज नाही.

आकड्यांची बाजू जरा लंगडी. पडदा दहा अंकी, म्हणून ९९९९९ चा वर्ग ९९९९८००००१ पूर्ण दिसतो, पण १२३४५६ चा १.५२४१३८३९४×१०¹⁰ असा गोल होऊन येतो. आत मात्र जास्त अंक असतात. त्याच उत्तरातून १५००००००००० वजा करा, २४१३८३९३६ उरतात. म्हणजे खरा वर्ग १५२४१३८३९३६.

मॅट्रिक्समध्ये (ओळी-रकान्यांत मांडलेल्या संख्यांची चौकट) संख्या भरून वर्गाचे बटण दाबण्याची युक्ती करू नका. १, २, ३, ४ च्या २×२ मॅट्रिक्सचा वर्ग ७, १०, १५, २२ येतो, कारण तो मॅट्रिक्सचा गुणाकार असतो, घरागणिक वर्ग नव्हे. एरर येत नाही, म्हणून ही चूक लक्षातही येत नाही.