दोन बहिणींचा ‘इदिर अन दा हॉलस’: आयरिश आहे, पण धांगडधिंगा नाही

आयरिश फोक म्हटलं की लोकांना पबमधली फिडल, टाळ्या आणि पाय आपटणंच आठवतं, तर ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी हा अल्बम घेऊ नका, उगाच नावं ठेवाल. मरेड आणि त्रीना नी गोनल या सख्ख्या बहिणींचा हा १९९९ चा अल्बम, सोबत बुझुकी हे तंतुवाद्य वाजवणारा डोनल लनी, आणि सगळा भर गाण्यांवर, त्यातली बरीचशी आयरिश भाषेत. मला त्यातलं अक्षर कळत नाही पण काही अडलं नाही.

या बहिणी वाढल्या मीथ काउंटीतल्या केल्सला, पण वडील डॉनिगॉलमधल्या रानाफास्टचे, आणि गाण्यांचा खजिना तिकडचाच. त्यांची आत्या नीली, तिला एवढी गाणी तोंडपाठ की या बहिणींच्या भावाने, मिहॉलने, ती डब्लिनच्या विद्यापीठाच्या लोकसाहित्य विभागासाठी रेकॉर्ड करून ठेवली. म्हणजे गाणी घरातच मुरलेली, आणि ते ऐकताना कळतं बरं का, कुठेही ‘बघा आम्ही परंपरा जपतोय’ असा आव नाही.

आता खरी गंमत. आयर्लंडच्या पारंपरिक शॅन-नोस गायकीत एकच गायक, वाद्य नाही, ठेका बांधलेला नाही, आणि प्रत्येक कडव्यात हरकती-मुरक्या थोड्या बदलत जायच्या, त्यामुळे दोघींनी हार्मनीत गायचं म्हणजे कर्मठ लोकांच्या कपाळावर आठ्याच. पण या भावंडांनी ते १९७१ लाच स्कारा ब्रे या ग्रुपमध्ये करून दाखवलेलं, आयरिश भाषेतली गाणी अशी गाणारे ते पहिल्यांपैकीच. इथे तर आवाज अजून पिकलेत. हेडफोन लावून संथ गाणी ऐका, दुसरा आवाज कधी आत आला ते पटकन कळत नाही, आणि ओळ संपताना दोघी शेवटचं अक्षर एकदम सोडतात, श्वाससुद्धा एकाच जागी. रियाझाने हे येत असेलही, पण मला वाटतं त्यासाठी एका घरात भांडून मोठं व्हावं लागतं.

लनीबद्दल काय बोलणार. ७० च्या दशकात तो आणि त्रीना बॉथी बँडमध्ये एकत्र होते (ती तिथे क्लॅव्हिनेट, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, वाजवायची, फोकमध्ये क्लॅव्हिनेट, विचार करा!) त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे त्याला बरोब्बर माहितीये. त्याचं बुझुकी मूळचं ग्रीक वाद्य, आयरिश संगीतात आलं तेच १९६० च्या दशकात, आणि आता त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं.

तक्रार एकच, संथ गाण्यांचं पारडं जड आहे, सलग ऐकलं तर मधे जरा जड जातं आणि लक्ष उडतं. नवीन असाल तर आधी ‘स्पॅनिश लेडी’ लावा, ते इंग्रजीत आहे आणि मस्त पळतं, मग दोन-दोन संथ गाणी घ्या. गाडीत मात्र नको, इंजिनाच्या आवाजात खालचा आवाज पार गायब होतो. आवडलं तर पुढे स्कारा ब्रेचा १९७१ चा अल्बम शोधा, त्यात मिहॉलपण आहे, तो २००६ ला गेला.