नऊ महिने ई-रीडरवर : रहस्यकथा फसल्या, प्रेमकथा तरल्या

गेल्या दिवाळीत बोनस हातात पडला तेव्हा ओळखीतल्या एकाकडून वापरलेला ई-रीडर साडेचार हजारांना घेतला. आता श्रावण चालू आहे. मधल्या नऊ महिन्यांत त्यावर ३१ कादंबऱ्या वाचून झाल्या. १९ थ्रिलर, १२ प्रेमकथा. हा आकडा वहीत लिहून ठेवलेला आहे, कारण सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेबच लिहितो आणि ती खोड घरी आल्यावरही जात नाही. त्याच वहीत असंही दिसतं, की १२ प्रेमकथांपैकी १० गेल्या चार महिन्यांतल्या आहेत. शाळेतले मित्र हे वाचून "का बे, या वयात हे काय वाचायलास?" म्हणणार. म्हणू देत. मी तो घेतला होता खुनांसाठीच.

मी मूळचा रहस्यकथेचा माणूस. लहानपणी साखर पेठेत एक भाड्याने पुस्तकं देणारा होता, दिवसाला आठ आणे. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड तिथेच भेटले, नंतर सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोझ इराणी. अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा आमच्या दुकानदाराला माल कधी कमी पडला नाही. आठ आणे वाचवायचे तर पुस्तक एका रात्रीत संपवायचं, म्हणून वाचण्याचा वेग तेव्हाच लागला. ई-रीडर घेताना डोक्यात हाच हिशेब होता: एकदा पैसे घातले की रोजचं भाडं नाही.

यंत्राबद्दल आधी थोडक्यात सांगतो. पडदा डोळ्याला त्रास देत नाही, हे खरं आहे. मोबाईलसारखा तो आतून पेटलेला नसतो. त्यात बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात आणि वीज लागते ती पान बदलताना ते कण वर-खाली करायला. पान नुसतं समोर असताना पडद्याला वीज लागतच नाही. रात्री कडेचा दिवा लावला तर तेवढीच खर्च होते. म्हणून माझं चार्जिंग दोन-अडीच आठवडे आरामात जातं. भर उन्हात मोबाईल काळा दिसतो, हा कागदासारखा स्वच्छ दिसतो.

उन्हाचं मात्र एक आहे. असल्या यंत्राच्या माहितीपत्रकात ते ० ते ३५ अंशांत वापरावं असं लिहिलेलं असतं. सोलापूरच्या माणसाने हे वाचून हसायचं की रडायचं! मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, घरात कूलरसमोर बसलं तरी ३५ च्या खाली येत नाही. एकदा दुपारी स्कूटरच्या डिकीत राहिला. बाहेर काढला तर अक्षरं फिकी पडलेली आणि पान वळेना. माठाशेजारी सावलीत तासभर ठेवल्यावर शहाणा झाला. दुसरं दुखणं माझ्या धंद्याचं. कारखान्यात कापसाचं तूस सगळीकडे जातं, ते चार्जिंगच्या भोकात जाऊन गच्च बसलं. नव्या पेठेत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराने सुईने उकरून वाटाण्याएवढा बोळा काढला आणि म्हणाला, "काका, यात उशी भरताय काय?" तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतो.

मराठीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. नवीन ई-पुस्तकं नीट दिसतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मात्र काही जुन्या फायलींत 'वाऱ्यावर'मधला अर्धा र तुटून बाजूला पडतो आणि 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. पीडीएफ असेल तर विसरा. छापील पान जसंच्या तसं छोट्या पडद्यावर कोंबलेलं असतं, मोठं केलं की ओळ कापली जाते. इंग्रजी शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो आणि माझ्यासारख्या बी.कॉम.वाल्याला त्याचा फार आधार झाला. मराठीत तसं जमत नाही, कारण आपला शब्द एकटा फिरत नाही. 'घर' कोशात असतं, 'घरातल्यांनीसुद्धा' कसं सापडणार?

आता मूळ मुद्दा. पडद्याच्या खाली कोपऱ्यात एक आकडा असतो, पुस्तक किती टक्के झालं ते सांगणारा. माझी सगळी तक्रार या एका आकड्याबद्दल आहे.

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही बहुतेक रात्री. मोटार लावायला घरातलं कुणीतरी जागं राहावं लागतं आणि ते काम माझ्याकडे. पूर्वी ट्यूब लावून वाचलं की सगळं घर उठायचं. आता जिन्याच्या पायरीवर बसतो, ई-रीडरचा दिवा बारीक करून. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हाची रात्र. एक इंग्रजी थ्रिलर, समुद्रकाठचं घर, सात पाहुणे, दोन मुडदे. दीड वाजला असेल. पोलिस डॉक्टरीणबाईला पकडतात, ती रडत कबुली देते आणि लेखकाने ते इतकं छान लिहिलंय की माझा घसा दाटून आला. तेवढ्यात नजर खाली गेली. ७९.

संपलं! एकवीस टक्के पुस्तक शिल्लक असताना खुनी सापडतो कुठं? म्हणजे ही बाई निर्दोष, कुणाला तरी वाचवायला खोटं बोलतेय. लेखकाने दोनशे पानं रचलेला डाव एका आकड्याने उधळला. गंमत पुढेच आहे. आता बरंच उरलंय म्हणून मी निवांत झालो, तर ९१ वर गोष्ट खाडकन संपली. पुढचे नऊ टक्के म्हणजे लेखकाने मानलेले आभार आणि त्याच्या पुढच्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं. आकडा फायलीचा असतो, गोष्टीचा नसतो, हे तेव्हा कळलं. पलीकडच्या तेलुगू आक्का खिडकीतून ओरडत होत्या, "ओ, टाकी वाहायलीय की तुमची!"

कागदावरही उजव्या हातात किती पानं उरलीत हे कळतंच की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण बोटांना नुसता अंदाज असतो. अंदाज विसरता येतो, ७९ विसरता येत नाही. आणि आकडा बंद करता येतो हे मला पाचव्या महिन्यात समजलं. कोपऱ्यावर बोट टेकवत राहायचं: आधी टक्के, मग पान क्रमांक, मग 'या प्रकरणात ७ मिनिटं बाकी', शेवटी कोरं. मिनिटांचा प्रकार तर आणखी वाईट. एक मिनिट उरलं की दारावर थाप पडणार, फोन वाजणार किंवा कपाटातून काहीतरी पडणार, हे ठरलेलं असतं.

दुसरा शत्रू म्हणजे शोध. पात्राचं नाव टाकलं की ते पुस्तकात कुठं कुठं आलंय त्याची यादी समोर येते. मी हे प्रामाणिकपणे, विसरलेला माणूस आठवायला वापरू लागलो. इंग्रजी कादंबरीत नावं लक्षात राहत नाहीत हो, सगळेच जॅक आणि मार्क. एकदा एका माळ्याचं नाव टाकलं. आठ ठिकाणी सापडलं: सात पहिल्या शंभर पानांत आणि आठवं थेट शेवटच्या प्रकरणात. मधे कुठेच नाही. ज्याला लेखकाने दीडशे पानं लपवून ठेवलाय, तो कशासाठी? मी ई-रीडर मिटला आणि दोन दिवस हातात धरला नाही. शेवटी वाचलं. माळीच.

तिसरं म्हणजे ठिपक्यांच्या रेघा. बऱ्याच वाचकांनी एखाद्या वाक्याखाली खूण केली असेल तर तुमच्या पानावरही ती दिसते. प्रेमकथेत ठीक आहे, चांगलं वाक्य आहे म्हणून केली असेल. रहस्यकथेत "मी त्या रात्री नऊला झोपलो" या साध्या वाक्याखाली शेकडो लोकांची रेघ दिसली की झोपलेला माणूस खोटारडा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. सेटिंगमध्ये जाऊन हे आधी बंद करा, पुस्तक उघडण्याआधी.

१९ पैकी या सगळ्यातून साफ सुटलेलं पुस्तक म्हणजे जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', मूळ २००५ चं. एक घटस्फोटित बाई आणि तिची मुलगी यांच्या हातून तिचा आधीचा नवरा मरतो, आणि हे सुरुवातीलाच आपल्यासमोर घडतं. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर ते झाकायचं ठरवतो. खुनी कोण हा प्रश्नच नाही, मग टक्क्यांनी काय बिघडणार? आकडा ६० असो की ९०, आपण विचार करतो तो मास्तरने नेमकं काय केलं याचा. शेवट वाचून मी पायरीवर नुसता बसून राहिलो. त्या दिवशी पाण्याचा वारही नव्हता. २०१२ ची 'गॉन गर्ल'सुद्धा अशीच बचावली, कारण ती आपले पत्ते निम्म्यावरच उघडते आणि उरलेलं अर्धं पुस्तक वेगळ्याच भीतीवर चालवते. म्हणजे दोष सगळा यंत्राचा नाही. 'कोण?' या एकाच खुंटीला टांगलेली कादंबरी यंत्रावर मरते. 'कसं?' आणि 'आता काय?' यावर उभी असलेली जगते.

प्रेमकथांकडे मी वळलो तो कंटाळून. मुलीच्या आणि माझ्या पुस्तकांचं खातं एकच, तिने घेतलेलं माझ्याकडेही दिसतं. एप्रिलमध्ये सलग तीन थ्रिलर आकड्याने मारले, तेव्हा तिच्यातलं एक उघडलं. प्रेमकथेत शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो, दोघं एकत्र येणार. मुखपृष्ठावरच एकमेकांना टेकून उभी असतात. मग टक्केवारी लपवणार काय आणि फोडणार काय? उलट तिची मजाच वाटायला लागली. माझ्या वहीतल्या १२ पैकी ९ प्रेमकथांत मोठं भांडण ७५ ते ८० टक्क्यांच्या मधे होतं. गैरसमज, जुनं पत्र, विमानतळ. मी बायकोला सांगायचो, "आता ७४ झालेत, पाच मिनिटांत ही बॅग भरणार." आणि ती भरायचीच. तरी वाचावंसं वाटत होतं, कारण भांडण कधी होणार हे माहीत असलं तरी कोण कुठला शब्द वापरून समोरच्याचं काळीज तोडणार, हे माहीत नसतं.

१८१३ चं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या काटेकोर वेळापत्रकाबाहेरचं निघालं. ६१ प्रकरणांपैकी ३४ व्या प्रकरणात डार्सी मागणी घालतो आणि एलिझाबेथ त्याला असं सुनावते की बिचारा तोंड पाडून जातो. म्हणजे भांडण जवळपास ५६ टक्क्यांवर. उरलेलं पुस्तक दोघांनी स्वतःची चूक कबूल करण्यात जातं. हल्लीच्या लेखकांना त्यासाठी वीस टक्के पुरतात, तेवढ्यात लग्नही उरकतात. भाषा मला जड गेली, जवळजवळ दर पानावर शब्दावर बोट दाबावं लागलं. पण सोडलं नाही.

आणि एक पुस्तक असं, जिथे मी आकड्याकडे पाहायलाच विसरलो. कॉलीन हूव्हरचं 'इट एन्ड्स विथ अस', २०१६ चं. मुलीने सांगितलं होतं, "पप्पा, तुम्हाला नाही आवडणार." फुलांचं दुकान काढणारी लिली, मेंदूचा डॉक्टर राइल, दोघंही देखणी. मी आपलं भांडणाची वाट पाहत बसलो होतो, तर तो तिच्यावर हात उचलतो. मग माफी मागतो. मग पुन्हा. लेखिकेने ते आपल्या आईच्या आयुष्यावरून घेतलंय, असं तिने शेवटी लिहिलंय. पुस्तकात बाळबोध भाग आहेत, लिलीची डायरी मला लांबली, सगळे पुरुष श्रीमंत किंवा उदात्त का हेही कळलं नाही. पण पहिल्यांदाच प्रेमकथेचा शेवट मला आधी ठाऊक नव्हता, आणि ही त्याला माफ करून बसते की काय या भीतीने मी पानं पळवत होतो. आमच्या गल्लीत असं एक घर होतं. लहानपणी रात्री भिंतीतून आवाज यायचा आणि सकाळी त्या काकू हसून शेंगाचटणी आणून द्यायच्या. रहस्यकथेतल्या कुठल्या मुडद्याने मला त्यांची आठवण दिली नव्हती.

घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, वाचता काय? प्रेमकथा, मोठ्या सामाजिक कादंबऱ्या, इंग्रजी वाचायची हौस असेल तर खुशाल घ्या, वापरलेला मिळाला तर उत्तम, फक्त बॅटरी दोन दिवस वापरून बघा आणि मगच पैसे द्या. 'खुनी कोण' हाच चस्का असेल तर पहिल्या दिवशी आकडा, रेघा आणि मिनिटं बंद करा. शोधाला हात लावू नका. एवढा संयम माझ्यात नाही, म्हणून रहस्यकथा मी आता पुन्हा कागदावर, वाचनालयातून आणतो.

गेल्या आठवड्यातच एक आणली, जुनी, पिवळी पडलेली मराठी. पान ६२ वर डॉक्टरच्या नावाला कुणीतरी पेन्सिलीने गोल केला होता, बाण काढून लिहिलं होतं, 'हाच तो!' मी अख्खी रात्र त्या अनोळखी वाचकाला शिव्या देत, डॉक्टरवर डोळा ठेवून पुस्तक संपवलं.

डॉक्टर नव्हताच.