सिंगलस्पीडला हब कोणता? बेळगावच्या तांबड्या चिखलातून केलेली तुलना

एका जुलैत कणकुंबीहून परतताना जांबोटीच्या अलीकडे माझं पॅडल अचानक मोकळं फिरायला लागलं. चेन जागेवर, चाक जागेवर, पण पाय मारला की नुसताच गरगर. फ्रीहबचे, म्हणजे मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) जोडलेल्या आणि एकाच दिशेने पकडणाऱ्या भागाचे, खटके (आमच्याकडचे फिटर त्यांना कुत्रेच म्हणतात) चिकटून बसले होते. चूक माझीच होती. पाणी आत जाऊ नये म्हणून मी आत एपी-३ ग्रीस ठासून भरलं होतं. त्यात बारीक चिखल मिसळून लापशी झाली आणि स्प्रिंगला खटका उचलवेना. जांबोटीपर्यंत सायकल ढकलली आणि तिथून टेंपो केला.

तेव्हापासून हब निवडायचा म्हटलं की मी एकच गोष्ट आधी बघतो. बिघडला तर तो रविवारी दुपारी बेळगावात किंवा खानापुरात दुरुस्त होईल का?

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. सिंगलस्पीडमध्ये, म्हणजे एकाच गियरच्या सायकलीत, हबवर गियरच्या सायकलीपेक्षा जास्त जोर येतो, असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस १७५ मिमीच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) उभा राहिला तर क्रँकवर साधारण १२० न्यूटन-मीटर येतात. पुढे ३२ आणि मागे २० दाते असले तर हबपर्यंत पोचतात ७५. गियरवाल्याने राजहंसगडाच्या चढाला मागचं ५० दात्यांचं चक्र लावलं की त्याच माणसाचे होतात १८७. म्हणजे दुपटीहून जास्त! खरी अडचण वेगळी आहे. आपला सगळा जोर एकाच पातळ कॉगवर (मागच्या दातेरी चक्रावर) येतो, तोही उभं राहून दिलेल्या झटक्यांनी. फ्रीहबची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर कॉग तिच्या खाचांत रुततो आणि पुढे काढताना हातोडी लागते. म्हणून बॉडी स्टीलची घ्या, नाहीतर रुंद बुडाचा कॉग लावा.

कमी पैशात शिमानो डिओरचा जुन्या पद्धतीचा, कप-कोन (हबमधली वाटी आणि एक्सलवरचा शंकू) आणि सुटे छर्रे असलेला हब मला अजूनही पटतो. कॅसेटच्या (गियरच्या चक्रांच्या गठ्ठ्याच्या) जागी एक कॉग आणि बाकी स्पेसर (भरतीच्या रिंगा). बॉडी स्टीलची असते. मागच्या हबात दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात आणि तसे छर्रे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात. पण याला ‘बिनदेखभालीचा’ म्हणता येणार नाही. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा उघडावाच लागतो. कोनला लागणारा पातळ पाना इथे सहसा मिळत नाही. माझा पाना म्हणजे ग्राइंडरवर घासून पातळ केलेला साधा १५चा पाना. कोनवर खड्डे पडले तर कोन बदला. कपला पडले तर मात्र हबच भंगारात.

ज्यांना उघडझाकीचा कंटाळा आहे त्यांनी आट्यांचा हब बघावा. त्यावर फ्रीव्हील, म्हणजे आतच खटके असलेलं दातेरी चक्र, फिरवून बसवतात, हबच्या आत खटके नाहीतच. सर्ली कंपनीचे हब याच धाटणीचे. दोन्ही फ्लँज (स्पोक अडकवायच्या कडा) मधोमध असल्यामुळे दोन्हीकडच्या स्पोकना सारखा ताण मिळतो आणि चाक दणकट होतं. बिघडलं तर फ्रीव्हील बिघडतं. ते टाकायचं, दुसरं लावायचं. आपल्याकडच्या काळ्या घोडासायकलींच्या १८ दाती फ्रीव्हीलच्या आट्याही याच मापाच्या, १.३७ इंच व्यासाच्या. म्हणजे खानापूरच्या बाजारातसुद्धा अडीअडचणीला सोय होते. फक्त त्याचे दाते एक अष्टमांश इंच जाड असतात. गियरची बारीक चेन त्यावर बसत नाही, चेनही रुंद लागते.

या प्रकाराची खोड काढतानाच कळते. प्रत्येक पॅडलला फ्रीव्हील आणखी आवळत जातं. वर्षाने माझं काढायला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. चार खाचांचं टूल व्हाइसमध्ये पकडलं, त्यावर चाक आडवं ठेवलं आणि दोघांनी रिम बसच्या स्टेअरिंगसारखी धरली. ‘कट्’ असा आवाज झाला, तेव्हा वाटलं हबच फुटला. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय हे बसवूच नका.

या हबांत बहुधा सीलबंद बेअरिंग असतात. घेण्याआधी त्यांचा नंबर विचारा. ६००० किंवा ६००१ असेल तर मोटरीच्या बेअरिंग विकणाऱ्या दुकानात लगेच मिळेल. ६९०२ सारखी पातळ जात मागवावी लागते. नंबरापुढे टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर, हवंच. नुसत्या पत्र्याच्या झाकणाची झेडझेड आपल्या पावसात टिकत नाही. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला बंदूक हबवर धरू देऊ नका. तिच्या दाबापुढे रबरही हार मानतं.

पैसे असतील तर डीटी स्विस ३५०. यात खटके नाहीत. दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसतात आणि शंकूसारख्या स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. टोपी हाताने ओढली की सगळं बाहेर येतं. चिखल पुसायचा, चकत्यांवर बोटभर नव्हे, नखभर ग्रीस लावायचं आणि परत बसवायचं. चहा होईपर्यंत काम संपतं. कॉग मात्र इथेही रुंद बुडाचाच. होप कंपनीचे हबही उत्तम. ख्रिस किंगची ७२ दात्यांची रिंग फार देखणी आहे, पण तो नीट उघडायला खास टूल लागतं, आणि तेही परदेशातून मागवायचं. आपल्या भागासाठी मी तो सुचवणार नाही.

मी स्वतः आज आट्यांच्या हबवर आहे. फ्रेमची मागची रुंदी १३५ मिमी आणि ड्रॉपआउट (फ्रेममधल्या चाक अडकवायच्या खाचा) आडवे असतील तर तुम्हालाही तोच सांगेन. १४८ मिमीची थ्रू-एक्सल (एक्सल आरपार घालायची) फ्रेम असेल तर डिओरचा हा हब आणि आट्यांचा हब दोन्ही बाद, मग ३५०ची त्या मापाची आवृत्ती घ्या. डिओरच घेतलात तर क्विक रिलीजच्या (हाताने उघडायच्या पकडीच्या) जागी १० मिमीचा भरीव एक्सल आणि नट टाकून घ्या. आडव्या ड्रॉपआउटमध्ये क्विक रिलीज चढावर सरकतं, चाक वाकडं होऊन फ्रेमला घासतं. नटासाठी १५चा पाना सॅकमध्ये लागेल, घासलेला नव्हे, जाड.