सुट्टीत पोरांबरोबर काय बेक करायचं: केळ्याचा केक, आंब्याचा रवा केक का कैरीचं क्रंबल?

मे महिना लागला की आमच्या घरात दोनाची चार पोरं होतात, माझी दोन आणि नणंदेची दोन, वयं पाच ते अकरा, आणि दुपारी तीन वाजता सगळ्यांना एकदमच काहीतरी करायचं असतं. गेल्या दोन सुट्ट्यांत हे तिन्ही प्रकार आम्ही बऱ्याचदा केलेत, त्यामुळं ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय.

ओव्हन नसेल तर विचारच करू नका, केळ्याचा केक करा. साल काळी पडलेली तीन केळी घ्यायची (पिकताना पिठूळपणाची साखर होते म्हणून तीच जास्त गोड), दीड वाटी कणीक, पाऊण वाटी बारीक चिरलेला आपला कोल्हापुरी गूळ, अर्धी वाटी तेल, पाव वाटी दही, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरायचं, दहा मिनिटं तापवायचं, मग स्टँडवर डबा ठेवून मंद आचेवर 40-45 मिनिटं. केळी कुस्करायला पाच वर्षाचं पोरही चालतं. अडचण एकच, कणीक घातल्यावर पोरं फेटायची थांबत नाहीत आणि जास्त फेटलं की केक चिवट होतो, तेव्हा त्या वेळी डाव आपल्या हातात घ्या.

चवीला हापूसचा रवा केक सगळ्यात भारी, यात वादच नाही. पण रवा रसात अर्धा तास भिजवायला लागतो आणि तेवढ्यात लहान पोरं पळतात, किंवा उरलेला रस वाटीनं पिऊन टाकतात. नऊ-दहाच्या पुढची असतील तरच.

माझं मत क्रंबलला, म्हणजे खाली शिजवलेलं फळ आणि वर पिठाचा भाजलेला चुरा. परदेशात ते आंबट सफरचंदाचं करतात, मे महिन्यात आपल्याकडं त्याच्यापेक्षा कैरी बरी. दोन कैऱ्यांच्या फोडी गुळात पाच मिनिटं शिजवून वेलची घालायची आणि भांड्यात पसरायच्या. वर घालायला एक वाटी कणीक, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी फ्रिजमधलं थंडगार बटर, आणि हे बोटांच्या टोकांनी चोळायचं, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. आमची धाकटी हे काम एकदम गप्प बसून करते, जीभ बाहेर काढून, बोटं पिठानं पांढरी, आणि प्रत्येक गोळी फोडून बघते. यात काही फुगायचंच नसतं त्यामुळं बिघडायला काही नाही. फक्त उकाड्यात बटर वितळतं, म्हणून चोळून झालं की दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग 180 डिग्रीला 30-35 मिनिटं.

आणि वळवाचं ध्यानात ठेवा. चारच्या पुढं ढग आले की लाईट जाते, आमचा एक केक अर्ध्यात लाईट जाऊन मधोमध बसला होता आणि पोरगं रडलं होतं, त्याला समजावताना मलाच वाईट वाटत होतं. क्रंबल मात्र लाईट आल्यावर परत लावलं तरी होतं. त्यामुळं ओव्हनचं काम दुपारी दोनच्या आत उरका, नाहीतर गॅस आणि कुकर.

कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात जाणार असाल तर कैरी घट्ट, हिरवी बघून घ्या, आत पिवळी पडलेली शिजवल्यावर मऊ होते, आणि पोरांना निवडायला सोबत न्या.