जुनं फुटेज, नवा सीक्वेल: दोघांतला कोणता?
जुनं फुटेज वापरणाऱ्या या दोन भयपटांपैकी एकच बघायचा, तर ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २’ (१९८७) की ‘द हिल्स हॅव आइज पार्ट २’?

उसनं फुटेज: पहिल्याचा जवळजवळ अर्धा भाग १९८४च्या मूळ सिनेमाचाच. खुनी रिकी डॉक्टरला भावाची, म्हणजे मूळ सिनेमातल्या खुन्याची, कहाणी सांगतो, स्वतः तान्हा असतानाच्या तपशिलांसह! दुसऱ्यात उसनवारी कमी, पण फ्लॅशबॅक चक्क कुत्र्यालाही पडतो.

नवा भाग: इथे पहिला बाजी मारतो. रिकी साकारणाऱ्या एरिक फ्रीमनच्या नाचऱ्या भुवया आणि ‘गार्बेज डे!’ ही आरोळी, एवढ्यावरच पैसे वसूल. दुसरा, म्हणजे दिग्दर्शक वेस क्रेव्हनचा सीक्वेल, पैशांअभावी अडकला होता, मग जुनी दृश्यं जोडून पुरा केला. तो नुसता रेंगाळतो.

भीती: दोन्हींत बेताचीच.

मित्र जमवून हसायचं असेल किंवा मूळ भाग पाहिलाच नसेल, तर पहिला. क्रेव्हनचं सगळं पाहायचा हट्ट असेल, तरच दुसरा.