मूल हवं असेल तर दोन दिवसांचं अंतर की महिनाभराचा संयम?

बीड, जालना, हिंगोली भागातल्या कित्येक घरांत नवरा चाकणला कंपनीत, ट्रकवर नाहीतर फौजेत असतो आणि बायको गावी. (ऊसतोडीचं वेगळं, तिथं ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडीच.) अशा जोडप्यात दीड-दोन महिन्यांचा खंड सहज पडतो. त्यात दिवस राहिना झाले की जवळचे लोक सांगतात, “महिनाभर कडक राहा, वीर्य घट्ट होऊ द्या, मग बघा.” या सल्ल्यामुळे हातचे दिवस वाया जातात. म्हणून दोन संबंधांमधलं एक-दोन दिवसांचं अंतर, आठवड्याचं आणि महिनाभराहून मोठं, अशी तिन्ही अंतरं शेजारी-शेजारी ठेवून बघू.

वृषणात शुक्राणू रोज तयार होतात. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या अधिवृषण नावाच्या नळीत तो पक्व होतो. बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो तिथंच थांबतो, जुना होतो, मरतो. मेलेले शुक्राणू शरीर मोडून शोषून घेतं, काही लघवीवाटे जातात. त्यामुळे संयमानं काही तुंबत नाही, नस दबत नाही. पण महिनाभराचं सगळं शिलकीतही पडत नाही.

एक-दोन दिवसांच्या अंतरानं वीर्य थोडं कमी येतं, एका वेळची संख्याही कमी असते. मात्र शुक्राणू ताजे आणि चपळ असतात आणि त्यांच्यातला डीएनए कमी तुटलेला असतो. आठवड्यापर्यंत संख्या वाढते आणि चाल बऱ्यापैकी टिकते. त्यापुढं आठवड्यांमागून आठवडे गेले की वीर्य भरपूर दिसतं, पण त्यातल्या जिवंत आणि पुढं सरकणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण घसरतं, डीएनएची मोडतोड वाढते. उपसा नसलेल्या विहिरीसारखं होतं: पाणी वर आलेलं दिसतं, पण ताजं नसतं. हे नुकसान कायमचं नाही. पुन्हा नेहमीचं अंतर सुरू झालं की जुना साठा निघून जातो.

मूल हवं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: एक दिवसाआड, किंवा जमलं तर रोज. शुक्राणू आधीच कमी असतील तर ‘साठवा’ हा सल्ला आणखी चुकीचा.

सुटी मोजकी असेल तर तारखा बायकोच्या पाळीवरून धरा. पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. पाळी ३० दिवसांनी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सोळावा दिवस, २८ दिवसांनी येत असेल तर चौदावा. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र गर्भमार्गात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून कामाचे दिवस एकूण सहा: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. ३० दिवसांच्या पाळीत अकराव्या दिवशीच घरी पोचा. पहिल्या वेळी जुना साठा बाहेर जातो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ताजा माल येतो. नेमक्या सोळाव्या दिवसासाठी राखून ठेवणं हीच मोठी चूक. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चालत नाही.

वीर्यतपासणीला वेगळा नियम आहे: किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचा संयम. महिनाभर थांबून दिलेला नमुना चाल कमी दाखवतो आणि नवरा उगाच ‘कमजोर’ ठरतो. तालुक्याहून लातूर किंवा संभाजीनगरला बाटली पिशवीतून नेऊ नका. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचाच तर अंगाजवळ उबेत ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे. साबण, थुंकी, तेल, साधा निरोध यांतलं काही नको. पहिला भाग सांडला तर तसं सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी आहे: वीर्य १.४ मिली, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण चाल (म्हणजे हलणारे शुक्राणू) ४२ टक्के. एकच रिपोर्ट खराब आला तर घाबरू नका, दुसरी तपासणी करा. ‘घट्ट’पणावरून तर काहीच ठरत नाही, वीर्य बाहेर आल्यावर १५ ते ६० मिनिटांत आपोआप पातळ होणं हेच निरोगीपणाचं लक्षण.

मूल नको असेल आणि चातुर्मासाचं ब्रह्मचर्य पाळायचं असेल, तर प्रजननाला धोका नाही. खुशाल पाळा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक त्यानं कायमचं वाढत नाही, इंद्रिय लहानही होत नाही. झोपेतला ताठरपणा चालूच राहतो. अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार पुरुषांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, महिन्यात २१ किंवा जास्त वेळा वीर्यपतन होणाऱ्यांत पुरस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगाचं प्रमाण ४ ते ७ वेळावाल्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी दिसलं. पण हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यावरून व्रत मोडायची गरज नाही.

संयमात रात्री वीर्य गेलं तर त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात. त्यात दोष कसलाच नाही. ‘धात जाते’ म्हणून खचलेली पोरं पाहिली की वाईट वाटतं. या भीतीलाच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथीचा असतो, शुक्राणू फार थोडे. ‘रक्ताच्या कित्येक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो’ हा हिशेब त्याला लागू नाही.

जिममध्ये मिळणारं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मात्र मूल हवं असणाऱ्यानं घेऊच नये. शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बायको पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. तंबाखू सोडली किंवा उपचार सुरू झाले, तर फरक रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने द्या.